चहूकडे पाणी, तरीही आग

समुद्रात जहाजाला आग लागल्याची बातमी वाचली की पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येतो. गावात आग लागली तर विहीर शोधावी लागते, टँकरची वाट पाहावी लागते. जहाजाच्या तर चारही बाजूंना पाणी! पंप सुरू करावा, नळी धरावी आणि आग विझवून मोकळे व्हावे. मग आग लागलेली जहाजे आठवडे-आठवडे जळत का राहतात?

प्रश्न भाबडा वाटला तरी टाकाऊ नाही. भरपूर पाणी मारूनही हातचे गेलेले एक जहाज आहे. आग विझली, पण मारलेल्या पाण्यानेच आडवे झालेले दुसरे जहाज आहे. आणि पाणी मारायचे टाळून झाकणे घट्ट बसवली म्हणून उडालेले तिसरे जहाजही आहे. तिन्ही घटना १९४२ ते १९४७ या पाच-सहा वर्षांत घडल्या. त्यांतली एक आपल्या मुंबईची आहे. तिच्यापासूनच सुरुवात करू.

व्हिक्टोरिया गोदी, १४ एप्रिल १९४४

दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. त्यात जवळजवळ १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. शिवाय सोन्याच्या १२४ विटाही होत्या. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गाठी चढवण्यात आल्या. जोडीला वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ असा माल होता. यादी नुसती वाचली तरी अंगावर काटा येतो. पण युद्धाच्या दिवसांत जहाजांची टंचाई होती आणि जागा मिळेल तेथे माल भरला जात होता. १२ एप्रिलला हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले.

पुढे काय झाले हे समजण्यासाठी जहाजाच्या पोटाची रचना लक्षात घ्या. मालवाहू जहाजाच्या पोटात मालाच्या मोठमोठ्या कोठ्या असतात. त्यांना होल्ड म्हणतात. होल्ड म्हणजे पोलादाची एक प्रचंड पेटी. वरच्या बाजूला तिचे तोंड असते आणि त्यावर झाकण असते, ते हॅच. जुन्या जहाजांत या पेटीला मध्ये एक मजलाही असे. 'फोर्ट स्टिकीन'च्या दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाला कापूस होता आणि त्याच्या वर स्फोटके.

१४ तारखेला दुपारी दीड-दोनच्या सुमारास या होल्डमधून धूर येताना दिसला. खलाशांनी आणि गोदीतल्या बंबवाल्यांनी पाण्याचा मारा सुरू केला. नंतर मुंबई अग्निशामक दलाच्या आणखी गाड्या आल्या. नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. नऊशे टन म्हणजे किती? दहा हजार लिटरचे नव्वद टँकर! पण धूर इतका दाट होता, की आग नेमकी कोठे आहे तेच कोणाला दिसेना. पाणी आत जाऊन उकळू लागले, आग मात्र वाढतच राहिली. जहाज बाहेर समुद्रात न्यावे की आहे तेथेच बुडवावे, यावर अधिकाऱ्यांत एकमत होईना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा.

त्या धक्क्याची नोंद सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्यातील भूकंपमापकावरही झाली. आजूबाजूची डझनभर जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. पेटलेल्या कापसाच्या गाठी हवेत उडून आसपासच्या वस्तीवर पडल्या आणि गोदीबाहेरही आगी लागल्या. मेलेल्यांचा नक्की आकडा कधीच लागला नाही. आठशेपासून तेराशेपर्यंत अंदाज केले जातात. पण एक आकडा नक्की आहे. अग्निशामक दलाचे ६६ जवान या आगीत मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्यासाठी.

या जवानांच्या हातून कसूर झाली नव्हती. त्यांच्याकडे नळ्या होत्या, पाणी होते, धाडस तर होतेच. मग पाण्याने आग का विझली नाही?

कापूस कसा जळतो

काड्यापेटी घरोघर पोचण्यापूर्वी विस्तव करण्यासाठी चकमक वापरीत. गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासला की ठिणगी पडे आणि ती झेलायला सावरीचा कापूस लागे. दुसऱ्या कशावर पडली तर विझणारी ती इवलीशी ठिणगी कापूस धरून ठेवतो. कापसाच्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते, त्यामुळे ठिणगीला प्राणवायू जागच्या जागी मिळतो. ज्वाला दिसत नाही. कापूस नुसता धुमसत राहतो.

धुमसण्याचा दुसरा नमुना खेड्यातल्या मुलांनी पाहिलेला असेल. रात्री चुलीतली जळकी गोवरी राखेखाली पुरून ठेवली की सकाळी तिच्यात निखारा जिवंत असतो. राखेतून अगदी थोडी हवा झिरपते, पण धुमसणाऱ्या आगीला तेवढी पुरते. राखेमुळे तिची उष्णताही बाहेर जात नाही.

आता दाबयंत्रात घालून घट्ट आवळलेली कापसाची गाठ डोळ्यांपुढे आणा. तिच्या पोटात ठिणगी शिरली आहे. वरून पाणी मारले तर बाहेरचे थर भिजतात आणि आतला निखारा कोरडाच राहतो. त्यातून गाठींवर गाठी रचलेल्या. वरच्या गाठी खालच्यांना छत्रीसारखे झाकतात. आगीपर्यंत पोचेपर्यंत पाण्याचे पाट भलतीकडेच वाहून जातात.

आणखी एक गोष्ट आहे. कापसाची गाठ पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणजे ती तरंगते. होल्डमध्ये पाणी चढू लागले की तरंगणाऱ्या गाठीही वर सरकू लागतात. खाली जळता कापूस आणि वर स्फोटके अशी मांडणी असेल, तर आपण ओतलेले पाणीच आगीला वर उचलून स्फोटकांच्या जवळ नेऊ लागते.

नंतर झालेल्या चौकशीत आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत असावे असे ठरले. ज्या चुका दाखवल्या गेल्या, त्यांत स्फोटकांखाली कापूस ठेवणे, स्फोटके उतरवायला उशीर करणे, अग्निशामक दलाला उशिरा कळवणे या तर होत्याच; पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची चूक निराळीच होती. जहाजावर होल्डमध्ये वाफ सोडण्याची सोय असताना ती वापरली गेली नाही!

आगीवर पाणी सोडून वाफ? ते कसे, ते पाहू.

हवा तोडण्याची युक्ती

आग पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात हे तुम्ही शाळेत शिकला आहात : जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि पुरेशी उष्णता. यांतली एक काढून घेतली की आग विझते. घराच्या आगीत आपण बहुधा उष्णतेच्या मागे लागतो. एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापायला ७० किलोकॅलरी लागतात आणि त्याची वाफ व्हायला आणखी ५४० किलोकॅलरी. इतकी उष्णता शोषून घेणारा स्वस्त पदार्थ दुसरा नाही.

जहाजाच्या होल्डची गोष्ट वेगळी. तेथे आत माणूस जाऊ शकत नाही, पाणी नेमक्या जागी पोचत नाही, पण होल्ड ही पोलादाची बंद पेटी आहे! घराच्या खिडक्या-दारे बंद करून हवा तोडता येत नाही. होल्डची मात्र झाकणे लावली, हवा खेळवणारी नळकांडी बंद केली, की बाहेरची हवा थांबते. मग आत असा वायू सोडायचा की तो उरलेला प्राणवायू विरळ करून टाकील. जुन्या आगबोटींत बॉयलरची वाफ आयती मिळे, म्हणून वाफ सोडत. आज बहुतेक जहाजांवर त्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइड वापरतात.

त्याचा एक प्रयोग वर्गात शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. काचेच्या एका खोल भांड्यात एक बुटकी आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या उभ्या करून पेटवा. भांड्याच्या तळाशी खायचा सोडा पसरा आणि कडेने हळूच व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता. फसफसून कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. आधी बुटकी मेणबत्ती मालवते, मग उंच. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो तळापासून भरत येतो.

जहाजावर हा वायू किती ठेवावा लागतो? आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की सर्वांत मोठ्या होल्डच्या घनफळाच्या निदान ३० टक्के जागा व्यापील एवढा वायू हवा. आपण हिशेब करू. होल्ड २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे असे धरा. घनफळ ३,००० घनमीटर, त्याचे ३० टक्के म्हणजे ९०० घनमीटर. एक किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड ०.५६ घनमीटर जागा व्यापतो असे हिशेबासाठी धरतात. म्हणजे सुमारे १,६०० किलोग्रॅम वायू लागेल. एका नळकांड्यात ४५ किलोग्रॅम, तर ३६ नळकांडी झाली! म्हणूनच मोठ्या जहाजावर या नळकांड्यांसाठी एक स्वतंत्र खोली असते आणि तीत ती पलटणीसारखी ओळीने उभी असतात.

हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. रिकाम्या होल्डमध्ये एवढा वायू सोडला तर तो १५-१६ टक्क्यांवर येतो. पण होल्ड अर्धा मालाने भरलेला असेल, तर मोकळी जागा अर्धीच उरते आणि तेवढ्याच वायूने प्राणवायू सुमारे १३ टक्क्यांपर्यंत उतरतो. हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. बहुतेक पदार्थांच्या ज्वाला इतक्या विरळ हवेत टिकत नाहीत.

ज्वाला टिकत नाहीत, पण राखेखालची गोवरी आठवते ना? धुमसणे त्याहूनही कमी प्राणवायूत चालू राहते. वायूने आगीचा गळा आवळला जातो. उष्णता मात्र आत तशीच राहते, कारण वायू पाण्यासारखा गारवा देत नाही. म्हणून येथे खरे शस्त्र वायू नसून धीर आहे असे मला वाटते. वायू सोडल्यावर होल्ड उघडायचा नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, कधी कधी बंदर येईपर्यंत नाही. अधूनमधून थोडा वायू पुन्हा सोडायचा आणि बाहेरून पोलादाचे तापमान पाहत राहायचे. विझली का ते बघू या म्हणून कोणी झाकण किलकिले केले, तर ताजी हवा आत शिरते आणि तापलेला माल पुन्हा भडकतो.

बाहेरून तापमान पाहण्याचे आणखीही एक कारण आहे. पोलाद उष्णतेचे चांगले वाहक आहे. एका होल्डमधली आग भिंत न फोडताच पलीकडच्या होल्डमधल्या मालाला पेटवू शकते. तापलेल्या तव्यावर कागद ठेवला तर जे होईल तेच. म्हणून जळत्या पेटीच्या शक्य तेवढ्या बाजू, म्हणजे चार भिंती आणि वरचा डेक, बाहेरून पाण्याने सतत गार ठेवतात. पाण्याचा उपयोग येथे आग विझवण्यासाठी नसून तिला कोंडून ठेवण्यासाठी आहे. पोलादावरचा रंग कोठे फुगतो, मारलेल्या पाण्याची वाफ कोठे होते, यावरून आत आग कोठे आहे हेही समजते.

वायू सोडण्यापूर्वी एक काम मात्र चुकवून चालत नाही : माणसे मोजणे. ज्या वायूने आग गुदमरते त्याने माणूसही गुदमरतो. जहाजावर किती माणसे आणि ती कोठे आहेत, याची हजेरी पक्की झाल्याशिवाय अधिकारी झडप उघडत नाही.

आणि आग लागली हे समजते कसे? होल्डमध्ये रात्रंदिवस पहारा ठेवता येत नाही. पुष्कळ मालवाहू जहाजांवर प्रत्येक होल्डपासून एक बारीक नळी वर आणलेली असते आणि पंख्याच्या साहाय्याने तिथली थोडी थोडी हवा सतत ओढून तपासली जाते. धुराचा अंश सापडला की घंटा वाजते आणि कोणत्या होल्डमध्ये धूर आहे तेही कळते. जणू जहाजाचे नाकच! गंमत अशी की बऱ्याच जहाजांत याच नळ्यांतून उलट दिशेने वायूही होल्डमध्ये सोडतात.

मग झाकण लावणे हाच रामबाण उपाय का? 'फोर्ट स्टिकीन'वर वेळेवर वाफ सोडली असती तर जहाज वाचलेच असते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कापसाची आग मंदावली असती आणि विचाराला वेळ मिळाला असता, एवढे म्हणता येईल. पण मुंबईच्या स्फोटाला तीन वर्षे व दोन दिवस झाले असताना अमेरिकेत हाच उपाय भलत्या मालावर करण्यात आला.

प्राणवायू बरोबर घेऊन आलेला माल

१६ एप्रिल १९४७. टेक्सास राज्यातील टेक्सास सिटी बंदरात 'ग्रँडकँप' हे फ्रेंच जहाज उभे होते. त्यात कागदी पिशव्यांत भरलेले दोन हजारांहून अधिक टन अमोनियम नायट्रेट होते. हे शेतीचे खत. सकाळी आठच्या सुमारास त्याच्या होल्डमधून धूर दिसला. पाणी मारले तर खत विरघळून वाया जाईल, म्हणून कप्तानाने झाकणे लावून वाफ सोडण्यास सांगितले. कापूस असता तर हा निर्णय शहाणपणाचा ठरला असता.

पण अमोनियम नायट्रेटच्या प्रत्येक रेणूत प्राणवायूचे तीन अणू असतात. या पदार्थाला बाहेरची हवा लागतच नाही. आपला प्राणवायू तो बरोबर घेऊन येतो. त्याची हवा तोडण्याला काही अर्थ नाही. तो तापला की त्याचे विघटन होते, विघटनात आणखी उष्णता आणि वायू निर्माण होतात, आणि बंद जागेत दाब वाढतो. वाफेने उष्णतेत भरच पडली. थोड्या वेळाने झाकणे उडाली. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाजाचा स्फोट झाला. सुमारे ५८० माणसे मेली. गावच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचे २८ पैकी २७ जण त्यांत होते.

येथे हवे होते पाणी, आणि तेही सुरुवातीलाच आणि मुबलक. दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. मुंबईत जेथे कोंडायला हवे होते तेथे पाणी ओतले गेले. टेक्सासमध्ये जेथे पाणी ओतायला हवे होते तेथे कोंडले गेले. दोन्ही उपाय खरे, पण आत काय आहे त्यावरून ते निवडावे लागतात. स्फोटके, नायट्रेटे, क्लोरेटे यांना हवा तोडून विझवता येत नाही. आजच्या काळात मोटारींत आणि फोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्यांची पंचाईतही थोडी अशीच आहे. त्यांच्या आत एकदा विक्रिया सुरू झाली की बाहेरची हवा तोडूनही ती थांबत नाही. गार करणे हाच मार्ग.

परातीतले पाणी

आता तिसरे जहाज. यावर स्फोटके नव्हती, खतही नव्हते.

'नॉर्मंडी' हे ३१३ मीटर लांबीचे फ्रेंच प्रवासी जहाज त्या काळच्या सर्वांत मोठ्या आणि देखण्या जहाजांपैकी एक होते. युद्धात अमेरिकेने ते ताब्यात घेऊन न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्याचे सैनिकवाहू जहाज करण्यास घेतले. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी दुपारी तेथे पोलाद कापण्याचे काम चालू असताना ठिणगी उडाली आणि जवळच रचलेल्या जीवरक्षक जाकिटांवर पडली. जाकिटांत भरलेला होता कापोक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा भाऊबंद. चकमकीचा तो जुना गुण तेथेही दिसला!

न्यूयॉर्कचे अग्निशामक दल तातडीने आले. पण जहाजावरचे नळीजोड फ्रेंच मापाचे, दलाच्या नळ्या अमेरिकी मापाच्या. जोड बसेनात. अखेर धक्क्यावरून आणि पाण्यातल्या बंब-नौकांवरून वरच्या मजल्यांवर पाण्याचा मारा करण्यात आला. संध्याकाळपर्यंत आग आटोक्यात आली. पण ते पाणी वरच्याच मजल्यांवर साचून राहिले होते आणि जहाज एका बाजूला कलत होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते कुशीवर आडवे झाले.

साचलेले पाणी जहाजाला कसे पाडते ते पाहायचे असेल, तर घरातली मोठी परात घ्या, तीत दोन बोटे पाणी घाला आणि ती दोन्ही हातांनी उचलून चालून पाहा. परात जरा उजवीकडे कलली की सगळे पाणी उजवीकडे धावते, त्या वजनाने ती आणखी कलते, आणि सावरायच्या आत पाणी तुमच्या पायांवर! तेवढेच पाणी तांब्यात घेतले तर असे होत नाही. पाण्याचा मोकळा पृष्ठभाग जितका रुंद, तितका धोका मोठा. जहाजाचा मजला म्हणजे शे-दोनशे मीटर लांबीची परातच. त्यातून पाणी वरच्या मजल्यावर असेल, तर जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ते अधिकच डळमळीत होते.

'नॉर्मंडी'चा आराखडा करणारे अभियंते व्लादिमीर युर्केविच त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होते. त्यांनी धक्क्यावर येऊन सुचवले की तळाच्या झडपा उघडून जहाजात खालून पाणी घ्या; येथे खोली फार नाही, जहाज सरळ तळावर टेकेल आणि मग पाहिजे तेवढे पाणी मारा. आग विझवण्यासाठी जहाज बुडवा, हे ऐकायला वेडेपणाचे वाटते. पण त्यामागचे शास्त्र बिनचूक होते. त्यांचे ऐकले गेले नाही.

म्हणून आज जहाजावर नळी सोडली की एक अधिकारी आगीकडे पाहतो आणि दुसरा, आत किती टन पाणी गेले आणि किती बाहेर पडले, याचा हिशेब मांडत बसतो. नळीजोडांचा प्रश्नही सुटला आहे. जगातल्या प्रत्येक मोठ्या जहाजावर आता एक ठरावीक मापाची पोलादी चकती असते : बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतला ६४, आणि १३२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बोल्टांसाठी चार छिद्रे. कोणत्याही देशाच्या बंदरातला पाण्याचा नळ तिच्यामार्फत कोणत्याही देशाच्या जहाजाला जोडता येतो. जेमतेम ताटलीएवढी ही चकती दिसायला क्षुल्लक आहे. तंत्रज्ञानातील पुष्कळशी प्रगती अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींतच असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बंद पेट्यांचे जहाज

आजकाल बहुतेक पक्का माल कंटेनरमध्ये, म्हणजे पोलादी पेट्यांत बंद होऊन येतो. हजारो पेट्या एकावर एक रचलेल्या असतात; निम्म्या होल्डमध्ये, निम्म्या उघड्या डेकवर. आत काय आहे ते खलाशाला दिसत नाही. त्याला दिसतो तो पेटीवरचा शिक्का आणि हातातला कागद. घातक मालाचे नऊ वर्ग ठरलेले आहेत आणि प्रत्येकाची खूण-चिठ्ठी वेगळी असते. कोणत्या वर्गाची पेटी कोणत्या वर्गापासून दूर ठेवायची याचेही नियम आहेत. स्फोटकांखाली कापूस ठेवणे आज नियमात बसणार नाही. पण माल पाठवणाऱ्याने भाडे वाचवण्यासाठी कागदावर भलतेच नाव लिहिले, तर नियम काय करणार? आग लागते तेव्हा होल्डसमोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने त्या कागदावरूनच ठरवायचे असते, पाणी की झाकण.

९ जून २०२५ रोजी कोलंबोहून आपल्या न्हावा शेवा बंदराकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' या जहाजावर केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात असाच स्फोट होऊन आग लागली. जहाजावर २२ जण होते. १८ जणांना वाचवण्यात आले, चौघांचा पत्ता लागला नाही. भारतीय तटरक्षक दलाच्या नौकांनी बाहेरून पाण्याचा मारा करून पोलाद गार ठेवले आणि जहाजाला दोर लावून ते किनाऱ्यापासून लांब ओढून नेण्यात आले. ज्वाला दबल्या, पण धुमसणे चालूच राहिले. जुलै महिन्यातही आतून पुन्हा पेट घेतल्याच्या बातम्या येत होत्या. राखेखालची गोवरीच ती.

बंद पेटीवर बाहेरून कितीही पाणी मारले तरी आत थेंब जात नाही. होल्डसाठी वायू आहे. उघड्या डेकवरच्या पेट्यांसाठी तोही नाही, वाऱ्याने उडून जाईल. म्हणून १ जानेवारी २०१६ नंतर बांधलेल्या आणि डेकवर कंटेनर नेणाऱ्या जहाजांना एक नवे साधन सक्तीचे झाले आहे. तो एक टोकदार पोलादी भाला असतो. पेटीच्या भिंतीला भोक पाडून तो आत खुपसायचा आणि त्याच्या टोकातून पाण्याचे बारीक तुषार सोडायचे. तुषारांची आत वाफ होते, म्हणजे गारवा मिळतो आणि हवाही बाहेर ढकलली जाते. पाणी आणि वाफ, दोन्ही उपाय एकाच छिद्रातून, आणि जहाज कलंडेल इतके पाणीही साचत नाही. अडचण एवढीच की हा भाला माणसाने हाती धरायचा असतो, आणि पेट्यांचे थर डेकपासून सात-सात, आठ-आठ असतात. जळती पेटी वरच्या थरात असेल तर तिथवर पोचायचे कसे, यावर अजून अभियंते डोके चालवीत आहेत.